योग्य प्राधिकारी

चष्मा लावून, चष्मा काढून आणि पुन्हा लावून वाचलं, तरी मेलमधली ओळ काही बदलेना. भाई चिंदरकर कसालच्या बाजारात, अक्षयाच्या ई-सेवा केंद्रात, स्टुलाच्या कडेवर बसले होते. मागे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार माणसं खोळंबली होती आणि त्यातलं एकजण मोठ्याने घड्याळ बघत होतं. भाईंना त्याचं भान नव्हतं.

मेल इंग्रजीत होता आणि भाईंचं इंग्रजी चांगलं होतं. नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. सेलोरा देशाच्या पंतप्रधान कार्यालयाने कळवलं होतं की आपला दयेचा अर्ज मिळाला. परंतु राज्यघटनेच्या सातव्या दुरुस्तीपासून शिक्षामाफीचा अधिकार केवळ राष्ट्राध्यक्षांना आहे. पंतप्रधानांचा या विषयाशी संबंध नाही, आणि अर्ज पुढे पाठवण्याची मुभाही या कार्यालयाला नाही. राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज पोचण्याची अंतिम तारीख दहा नोव्हेंबर होती. सबब अर्ज परत करण्यात येत आहे.

आज डिसेंबरची चार तारीख होती.

"सर, पाणी व्हया?" अक्षयाने विचारलं.

भाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. तिने बाटली पुढे ठेवली. ती त्यांची विद्यार्थिनी, दहावीला नागरिकशास्त्रात काठावर पास झालेली. सप्टेंबरात याच टेबलावर बसून दोघांनी तो अर्ज धाडला होता, आणि तेव्हा तिने काय म्हटलं होतं ते दोघांनाही या क्षणी शब्दन् शब्द आठवत होतं. ती बिचारी तोंडातून काढत नव्हती एवढंच.

आता हा अर्ज कशाचा, ते सांगायला हवं.

भाईंचा धाकटा भाऊ लवकर गेला. मागे राहिली बायको सुगंधा आणि चार वर्षांचा कौस्तुभ. भाईंनी लग्न केलं नव्हतं. गावच्या हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचं आणि कौस्तुभाला वाढवायचं, हाच त्यांचा संसार. पोरगा हुशार निघाला, जहाजावर इंजिनियर झाला, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचं जहाज सेलोरा नावाच्या बेटांच्या देशात पकडलं गेलं. तळाच्या टाकीत पोलिसांना अमली पदार्थांची पाकिटं मिळाली. कप्तान आणि बडा इंजिनियर आपापल्या सरकारांनी हात घातल्यावर सुटून गेले. टाकीची चावी ज्यांच्याकडे असायची ते दोघे अडकले, कौस्तुभ आणि रेनाटो नावाचा एक फिलिपिनो खलाशी. दोघांना नऊ-नऊ वर्षं झाली.

तिथे आपली वकिलात नाही. शेजारच्या देशातली वकिलात सेलोऱ्याचंही बघते, आणि बघते म्हणजे वर्षातून एक पत्र पाठवते. यंदाच्या पत्रात मात्र एक आशेची गोष्ट होती. सेलोऱ्याच्या स्वातंत्र्याला बारा डिसेंबरला पन्नास वर्षं होत होती. त्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शंभर परदेशी कैद्यांना माफी मिळणार होती. एरवी तिथे परदेशी कैद्याला माफी देण्याची पद्धत नाही, ही एकदाच उघडणारी खिडकी. 'तरी कुटुंबीयांनी विहित मुदतीत योग्य प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा,' असं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं.

योग्य प्राधिकारी! चौतीस वर्षं हाच विषय शिकवलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? भाईंनी कपाटातून शाळेने रद्दीत काढलेली जाडजूड वार्षिकी काढली, १९८९ सालची. तीत सेलोऱ्यावर दीड पान होतं. राष्ट्राध्यक्ष हा नामधारी प्रमुख, खरी सत्ता पंतप्रधान व त्याच्या मंत्रिमंडळाच्या हाती. अगदी आपल्यासारखंच! भाईंना केवढं हायसं वाटलं. परमुलखात ओळखीचं माणूस भेटावं तसं.

हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. वर्गात ते राष्ट्रपती शिकवायचे तो त्यांचा धडा पंचक्रोशीत गाजलेला. म्हणायचे, "राष्ट्रपती म्हणजे आपलो रवळनाथ. सगळा चलता त्याच्या नावान. पण कौल लावूक, गाऱ्हाणा घालूक गावकर लागता. गावकर विचारतलो तेवढ्याचाच देव उत्तर देतलो. मगे कोण मोठो?" मुलं ओरडायची, "देव!" भाई म्हणायचे, "मोठो देव. पण काम करून घेवचा आसात तर गावकराक गाठा." सगळा वर्ग हसायचा. देवस्थानचा मानकरी महादू गावकर याच वर्गात बसलेला, आणि तो ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतो.

तेव्हा सप्टेंबरात अक्षया म्हणाली होती, "सर, दोघांकाय धाडूया मां. माझा काय जाता? एक क्लिक जास्त."

"नागरिकशास्त्रात किती मार्क होते गो तुका?"

"छत्तीस, सर."

"मगे गप बस. वरच्याकडे परभारे गेलेला खालच्याक खपणा नाय. सही राष्ट्राध्यक्ष करतलो, पण ठरवतलो पंतप्रधान. फायल उगीच दोन ठिकाणी फिरूक लागली काय काम अडकता."

ती हसून गप्प बसली होती. सरांपुढे कोण बोलणार?

आता तीच अक्षया न बोलता सेलोऱ्याची घटना शोधत होती. ती पडद्यावर एकेक पान उघडत गेली आणि भाई वाचत गेले. पंचाहत्तर साली देश स्वतंत्र झाला तेव्हा प्रमुख होती परक्या देशाची राणी, आणि तिच्या वतीने पिसाची टोपी घातलेला गव्हर्नर जनरल. एक्याऐंशीत प्रजासत्ताक झालं, फिती कापायला राष्ट्राध्यक्ष आला, राज्य पंतप्रधानाचं. भाईंची वार्षिकी इथे संपत होती. देश काही तिथे थांबला नव्हता. सत्त्याण्णव साली एक जनरल रणगाडे घेऊन आला आणि राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसला. मग एकामागून एक दुरुस्त्या. सैन्य त्याचं, न्यायाधीश त्याचे, तिजोरी त्याची, माफी त्याची. पंतप्रधान उरला तो सभेला खुर्च्या मांडण्यापुरता. पुढे दुसरा राष्ट्राध्यक्ष आला, ऑगस्टस मॉरेल, पण खुर्ची तीच राहिली.

दहा मार्कांचा प्रश्न निघेल असा हा इतिहास होता. 'स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रप्रमुखाच्या भूमिकेत झालेले बदल स्पष्ट करा.' असा प्रश्न डोक्यात आपोआप तयार झाला आणि भाईंना स्वतःची शिसारी आली. पोरगं तिथे कुजतंय आणि हे डोकं अजून पेपर काढतंय!

"सर, आठ दिस आसत," अक्षया म्हणाली. "आपण आता धाडूया राष्ट्राध्यक्षाक. काय सांगूक येता?"

त्यांनी धाडला. एकदा नाही, सात पत्त्यांवर. राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, त्यांचा माध्यम विभाग, सुवर्णमहोत्सव समिती, तुरुंग खातं, जिथे जिथे म्हणून पत्ता सापडला तिथे. चार पत्त्यांवरून तात्काळ उत्तर आलं, पण ते यंत्राचं होतं. आपला संदेश मिळाला, धन्यवाद.

शुक्रवारी भाई ओरोसला गेले. जिल्हा कार्यालयात तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावरचा साहेब भला माणूस होता, त्याने बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. परराष्ट्र खात्याकडे लिहा."

"लिहिलं आहे. उत्तर यायला तीन आठवडे लागतात म्हणे. माझ्याकडे सात दिवस आहेत."

"मुदत तर आधीच संपलीय ना?" साहेबाने कागद उलटून बघत विचारलं. "अर्ज वेळेत का नाही केला?"

"वेळेतच केला होता," भाई म्हणाले. अठरा सप्टेंबरला केला होता. पावती खिशात होती. ज्याच्या हातात काही नाही अशा माणसाला, वेळेत, उत्तम इंग्रजीत, सगळे दाखले जोडून केला होता. हे त्या भल्या माणसाला सांगण्यापेक्षा त्यांनी नमस्कार केला आणि बाहेर पडले. बस सुटेपर्यंत स्टँडवर बसून त्यांनी शेजारच्या देशातल्या वकिलातीला अकरा वेळा फोन लावला. अकरा वेळा तो वाजून वाजून बंद झाला.

घरी सुगंधाने विचारलं, "काय झाला ओरोसाक?"

"काय नाय. कागद पुरे करीत होतंय."

हे असं टाळणं त्यांनी गुरुवारी केलं, शुक्रवारी केलं, शनिवारीही केलं. सांगणार कसं? ती रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायची आणि एक नाव घ्यायची. डेस्मंड कॅरो. सेलोऱ्याच्या पंतप्रधानाचं नाव. भाईंनीच तिला ते कागदावर लिहून दिलं होतं, मराठीत, जोडाक्षर नीट फोडून. अडीच महिने ती त्या बापड्याच्या तब्येतीसाठीही प्रार्थना करत होती, कारण तो जगला-वाचला तर तिचा मुलगा सुटणार होता. शनिवारी संध्याकाळी भाई ओटीवर बसून ते ऐकत होते आणि उठून आत जाऊन ओरडावंसं त्यांना वाटत होतं. ते उठले नाहीत. भ्याले, दुसरं काही नाही. उभ्या आयुष्यात भाई चिंदरकर चुकले असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणणारी पहिली ती असणार होती.

रविवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं होतं. कौस्तुभासाठी गावाने घालायचं म्हणून महादूने महिन्यापूर्वीच दिवस धरला होता. पंचवीसेक माणसं जमली. महादू पान-सुपारीचा विडा आणि नारळ ठेवून गाभाऱ्यासमोर उभा राहिला, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि मागे वळला.

"भाई, थंयच्या पंतप्रधानाचा नाव परत सांगा. माझी जीभ वळणा नाय."

"डेस्मंड कॅरो," सुगंधाच पटकन म्हणाली. एवढं परकं नाव तिच्या तोंडी घरच्यासारखं बसलं होतं.

"ह्यां बरा झाला," महादू म्हणाला. "देव जाणता हा, पण गाऱ्हाण्यात गोलमाल चलणा नाय. काम ज्याच्या हातात, त्याचाच नाव घेवक व्हया. नायतर देव तरी खंय जातलो?"

भाई खांबाला धरून उभे होते. त्यांना वाटलं, घेऊ दे. कोणतंही नाव घेऊ दे, देवाला सेलोऱ्याची घटना थोडीच वाचायची आहे. पाच मिनिटांत नारळ फुटेल, माणसं घरी जातील. पण महादूने हात जोडले, घसा साफ केला, आणि भाईंना राहवलं नाही.

"त्याचा नाव घेव नको, महादू."

सगळे वळले.

"काम त्याच्या हातात नाय. राष्ट्राध्यक्षाच्या हातात आसा. ऑगस्टस मॉरेल." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही, फाटला. "अर्ज मी चुकीच्या माणसाक केलंय. माका वाटला आपल्यासारख्याच आसतला. अक्षयान सांगलेल्यान, दोघांकाय धाडूया, मी तिका गप बसवलंय. मुदत गेली. माझी चूक झाली."

महादू विड्याकडे बघत राहिला. वर्गात गाजलेल्या त्या धड्यातला गावकर तोच होता, आणि काय झालं असेल ते त्याच्या चटकन लक्षात आलं असावं, कारण त्याने भाईंच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

सुगंधा रडली नाही. तिने विचारलं, "कधी कळला?"

"बिरेस्तारी."

"बिरेस्तार, शुक्रार, शेनवार," ती बोटं मोजत म्हणाली. "तीन रात्री मी त्या माणसाच्या नावान दिवो लावलंय, आणि तुमी ओटयेर बसान ऐकत होतास?"

मोजलेली तीन बोटं तिने खाली घेतली.

"सांगूचा तरी होता, भाई. मी काय केलंय नसतंय तुमका. निदान खऱ्या माणसाचा नाव घेतलंय असतंय."

मग तिने पदर खोचला आणि महादूला म्हणाली, "घाल तू गाऱ्हाणा. नाव ऐकलंस मां?"

महादूने घातलं. बा देवा म्हाराजा, रवळनाथा, सातेरी माये, बारा-पाचाच्या देवांनू, आज ह्यां लेकरू सात समुद्रापलीकडे कोंडून पडलेला आसा. होय म्हाराजा. त्या मुलखाचो राजा जो कोण ऑगस्टस मॉरेल आसा, त्याच्या मनात दया घाल, त्याचो हात सहीक वळव. होय म्हाराजा. हंयच्या शिकल्या-सवरल्यांच्या हातसून काय चूकमाक झाली आसात, ती पोटात घाल. 'होय म्हाराजा,' जमलेल्यांबरोबर भाईही म्हणाले.

दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला कौस्तुभाचा फोन यायचा. तुरुंगातून सात मिनिटं मिळत. घड्याळ लावल्यासारखी सात, त्यानंतर आपोआप तुटायचा. त्यातली चार-पाच मिनिटं भाईच बोलत. धीर सोडू नको, अर्ज केलाय, वाच काहीतरी, व्यायाम कर. उरलेल्यात सुगंधा आपल्या झिलाला, लेकाला, जेवणाखाण्याचं विचारायची. आज फोन वाजला तेव्हा तिने तो भाईंच्याच हातात दिला.

"तुमीच सांगा त्याका," ती म्हणाली. "मी सांगूचंय नाय."

भाईंनी सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, अर्ज कोणाला केला आणि कोणाला करायला हवा होता. पलीकडे लोखंडी दाराचे आवाज येत होते.

"भाई, यादी लागली शुक्रवारी," कौस्तुभ म्हणाला. "शंभर जण. मी नाय त्यात."

म्हणजे देवळात नारळ फुटला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. "खरा?" त्यांनी विचारलं. जणू नववीतला मुलगा खोटं बोलत असेल.

"रेनाटोक सोडतत. त्याच्या बायकोन वहीच्या पानार चार ओळी लिवलेल्यान, मिस्टर प्रेसिडेंट म्हणान. स्पेलिंगाय धड नव्हती, रेनाटोनच दाखवलेल्यान माका."

"तिका कसा कळला, कोणाक लिवचा तां?"

"रेनाटोनच सांगितल्यान तिका. हंय सगळ्यांका म्हायत आसा, भाई. जेवणाच्या खोलयेत त्याचो फोटो, दवाखान्यात त्याचो फोटो. सकाळी हजेरेक त्याच्याच नावान सलाम मारूचो लागता. पंतप्रधान कोण, तां हंयच्या शिपायाकसुद्धा सांगूक येवचा नाय."

दोन वर्षं. आठवड्याला सात मिनिटं. तो त्या देशाच्या पोटात बसला होता, आणि भाई १९८९ सालची वार्षिकी उलटत होते. एकदा, फक्त एकदा विचारायचं होतं, बाबा रे, तिथे कोणाचं चालतं? त्यांना स्वतःचाच संताप आला, आणि तो निघाला कौस्तुभावर.

"मगे तू माका बोललंस कित्या नाय रे?" ते जवळजवळ ओरडले. "एवढ्या आयतारांत एकदाय बोलूचा नाय? अर्ज कोणाक केलास म्हणान विचारूचा नाय?"

कौस्तुभ बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच भाईंना सोसवेना.

"तुमी सांगितलात, अर्ज बरोबर गेलो," तो म्हणाला. "माका वाटला, भाईंका म्हायत आसतला."

भाईंनी तोंड उघडलं. माफ कर म्हणायचं होतं, पण एवढ्या वर्षांत तो शब्द त्यांनी कौस्तुभाला कधी म्हटला नव्हता आणि आता तो सापडेना. "कौस्तुभा," ते म्हणाले, "कौस्तुभा, आयक," आणि पुन्हा थांबले. त्या थांबण्यात सातवं मिनिट संपलं. फोन टुक् करून तुटला.

सुगंधा हात पुढे करून उभी होती. आपली दोन मिनिटं येतील म्हणून ती केव्हाची वाट बघत होती. भाईंनी फोन तिच्याकडे धरला, तो बंद झालाय हे सांगायचंही त्यांना सुचलं नाही. तिने तो घेतला, कानाला लावला. पडदा काळा झालेला तिला दिसत होता. तरी तिने विचारलं, "जेवलंस काय रे, झिला?"